परसातली भिंत आणि तिच्यामागचं पाणी

बंगळूर सपाट आहे, हा महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा समज पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या अंगातून उत्तर-दक्षिण असा उंचवट्याचा एक कणा गेलेला आहे. कण्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतं. पूर्वेचं पाणी हेब्बाळच्या आणि कोरमंगला-चल्लघट्टाच्या खोऱ्यांतून उतरत दक्षिण पिनाकिनीकडे जातं. मॅजेस्टिकच्या परिसरात कोसळलेली सर शांतिनगरमार्गे कोरमंगलात येते, तिथून बेलंदूर आणि वर्तूर तलावांत. ज्या नाल्यांतून ती येते त्यांना इथे राजाकालुवे म्हणतात. पूर्वी हे एका तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात नेणारे कालवे होते. मधले तलाव बुजले, कालवे तेवढे उरले, आणि आता शहराचं सगळं पावसाचं पाणी, थोडंफार सांडपाणीसुद्धा, त्यांच्याच पदरात पडतं.

कोरमंगला या वाटेवरच आहे. बंगळूर विकास प्राधिकरणाने इथे लेआउट पाडले तेव्हा काही भाग चांगल्या उंच, लाल मातीच्या जमिनीवर आला आणि काही भाग थेट तलावाच्या पोटात. एसटी बेड लेआउट या नावातला ‘बेड’ म्हणजे श्रीनिवागिलु तलावाचा तळ. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं खेळाडूंचं गाव, म्हणजे आजचं नॅशनल गेम्स व्हिलेज, हेही जुन्या तलावाच्याच जागेवर आहे. मोठ्या पावसानंतर पाणी तुंबल्याच्या बातम्यांत कोरमंगलाच्या याच भागांची नावं पुन्हा पुन्हा येतात, यात नवल काही नाही. पाणी आपल्या जुन्या घरी येतं.

या सगळ्याचा परसातल्या भिंतीशी संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

समजा, ५० बाय ८० फुटांची जुनी साइट आहे. (प्लॉटला इथे सगळे साइटच म्हणतात, आणि तिची मापं पाढ्यासारखी तोंडपाठ असतात : थर्टी-फॉर्टी, फॉर्टी-सिक्स्टी, फिफ्टी-एटी.) रस्ता वरच्या अंगाला, घर पुढे, मागे नारळाची दोन झाडं, एक बटर फ्रूटचं (म्हणजे अ‍ॅव्होकाडोचं) झाड आणि उतरत गेलेलं परस. सोळा फुटांना एक फूट इतकाच उतार, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. पण ८० फुटांच्या खोलीत तो पाच फूट होतो. मालकाला वाटतं, मागच्या हद्दीवर पाच फुटांची भिंत घालावी, मध्ये भराव टाकावा, वर हिरवळ किंवा फरशी करावी. मुलांना खेळायला सपाट जागा होईल, चार खुर्च्या टाकता येतील. इच्छा साधी आहे. कंत्राटदारही ‘होऊन जाईल’ म्हणतो. त्याच्या लेखी ही कंपाउंडची भिंतच, फक्त तिच्या एका बाजूला माती.

इथेच फसगत होते. कंपाउंडची भिंत स्वतःचं वजन आणि थोडा वारा एवढंच सोसते. मातीला टेकलेली भिंत चोवीस तास, बारा महिने आडवा रेटा सोसते. दिसायला दोघी बहिणी, कामं अगदी वेगळी. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं हिला संरक्षक भिंत म्हणतं. बोलताना सगळे रिटेनिंग वॉलच म्हणतात.

हा रेटा किती, याचं गणित आधी एका लष्करी इंजिनिअरने मांडलं. शार्ल ऑगस्तँ द कुलोम हे नाव आपण शाळेत विजेच्या नियमासाठी पाठ करतो. पण हा माणूस तरुणपणी फ्रेंच सैन्यात होता आणि कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर बूर्बों नावाचा किल्ला बांधण्यात त्याची आठ-नऊ वर्षं गेली. किल्ला म्हणजे मातीच्या भरावाला धरून ठेवणाऱ्या प्रचंड भिंती. परत आल्यावर १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. तो १७७६ मध्ये छापला गेला. त्याचा प्रश्न असा : भिंत जराशी पुढे सरकली, तर तिच्यामागची नेमकी किती माती घसरेल? उत्तर निघालं ते पाचरीच्या आकाराचं. भिंतीच्या पायापासून तिरकी वर जाणारी एक फट पडते, त्या फटीपुढची पाचर खाली घसरू पाहते, आणि तिचा भार भिंतीला पेलावा लागतो. १८५७ मध्ये रँकिनने हेच गणित सोपं करून दिलं. आजही इंजिनिअर सुरुवात तिथूनच करतात.

आपल्या पाच फुटांच्या, ५० फूट लांब भिंतीला ते लावून पाहू. चांगली दाबलेली, कोरडी, वाळूमिश्रित माती धरली तर अख्ख्या भिंतीवर साधारण दहा टनांचा आडवा रेटा येतो. हा आकडा ऐकूनच बहुतेक घरमालक थोडे गप्प होतात. आता तीच भिंत, तीच माती, पण पाऊस पडून मागची जमीन वरपर्यंत पाण्याने भरली आणि पाण्याला जायला वाट नाही असं समजा. रेटा बावीस-तेवीस टनांवर जातो. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मातीचा नसतो, निव्वळ पाण्याचा असतो. माती निदान कणांच्या घर्षणाने स्वतःला थोडंफार सावरून धरते, पाणी काहीच धरत नाही. मातीला धरणारी भिंत बांधायला निघालेला माणूस नकळत धरण बांधून बसतो, आणि तेही सहा इंची सिमेंट ब्लॉकचं.

उंचीचा हिशेबही सरळ नाही. भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट होतो आणि तिला उलथवून टाकणारा जोर आठपट. ‘पाच फुटांची उभी राहिली ना, मग वर अजून दोन फूट चढवू’ हे वाक्य म्हणून फार महाग पडतं.

बंगळूरची लाल माती या बाबतीत भलती लबाड आहे. लालबागेत जो उघडा खडक दिसतो, सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा नाइस, तोच या भागाच्या बुडाशी आहे, आणि त्याच्या झिजेतून, कुजण्यातून ही माती झाली आहे. दख्खनच्या बसाल्टातून आलेली आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. लाल माती मात्र कोरडी असताना काटकोनात कापली तरी उभी राहते. पायासाठी खणलेला आठ फुटांचा खड्डा महिनोन्महिने तसाच असतो, कडा सुरीने कापल्यासारख्या. पाहणाऱ्याला वाटतं, हिला भिंत हवीच कशाला? खरं तर तिला धरून ठेवलेलं असतं कणांमधल्या अगदी थोड्या ओलाव्याने. त्या ओलाव्याचा ताण कणांना एकमेकांकडे खेचत असतो. पाऊस मुरला, सगळ्या फटी पाण्याने भरल्या, की हा ताण नाहीसा होतो आणि काल उभी असलेली कड आज दुपारी खाली बसते. कोकण रेल्वेच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रूळ टाकताना घेतलेले मातीचे उभे काप त्यांना नंतर कितीतरी ठिकाणी उतरते करून घ्यावे लागले.

कोरमंगलाच्या खालच्या, तलावावर वसलेल्या भागांत गोष्ट आणखी वेगळी. तिथे वरचा दोन-चार फुटांचा भराव खणला की खाली तलावातला गाळ लागतो, करड्या रंगाची चिकट माती. कन्नडमध्ये तिला जेडिमण्णु म्हणतात. ती भार धरत नाही आणि पाणी सोडत नाही. अशा जागी भिंतीचा पाया कठीण थर लागेपर्यंत खाली नेण्याला पर्याय नाही. माती तपासून घेण्याचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो, पण नंतर भिंत पाडून पुन्हा बांधण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ असतो.

आता प्रत्यक्ष भिंतीकडे येऊ. दोन प्रकार सर्रास दिसतात.

पहिला दगडी. बंगळूरमध्ये ग्रॅनाइटचे ओबडधोबड घडवलेले ठोकळे मिळतात, त्यांना साइज स्टोन म्हणतात. जुन्या घरांचे पाये त्याचेच. अशी भिंत निव्वळ स्वतःच्या वजनावर उभी राहते, म्हणून ती जाड हवी. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी किंवा थोडी जास्त, आणि उंची मोजायची ती पायापासून. जमिनीखाली दोन फूट आणि वर पाच, म्हणजे सात फुटांना तळात साडेतीन-चार फूट. पुढचा चेहरा किंचित मागे कललेला. ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड, ज्यांना गवंडी थ्रू म्हणतात, नाहीतर भिंतीची पुढची आणि मागची कातडी सुटी होऊन मधूनच फाटते. काम चांगलं झालं तर अशी भिंत पिढ्या पाहते. पण जी जागा मिळवायला निघालो त्यातली चांगली तीन-चार फूट पट्टी भिंतच खाऊन टाकते, हे आधी कोणी सांगत नाही.

कोकणातला गडगा या कुळातलाच. जांभ्याचा किंवा मिळेल त्या दगडाचा, चुना-सिमेंटाशिवाय, कोरडा रचलेला. भातखाचरांच्या मजगीला वर्षानुवर्षं असेच बांध धरून आहेत, आणि तेही वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पावसात. बंगळूरला हजार मिलिमीटरही भरत नाही. मग तिथले गडगे टिकतात आणि इथल्या सिमेंटच्या भिंती कलतात, हे कसं? गडग्याला हजार भोकं असतात. पाणी त्याच्यामागे साठतच नाही. चार दगड ढळले तर पावसाळ्याआधी घरचा माणूस ते पुन्हा रचतो. आपण सिमेंट आणलं, फटी बुजवल्या, भिंत देखणी केली आणि पाण्याची वाट बंद करून टाकली.

दुसरा प्रकार आरसीसीचा. इथे भिंत सहा-आठ इंचांचीच असते, पण तिचा पाय मागे, मातीखाली, तीन-चार फूट पसरलेला असतो. ज्या मातीला धरायचं तीच माती या पायावर बसते आणि भिंतीला उलटू देत नाही. कपाटात पुस्तकं उभी ठेवायला एल आकाराचा पत्रा असतो, ज्याच्या पायावर पुस्तकांचंच वजन पडतं, तशी ही युक्ती. जागा वाचते, म्हणून शहरात हीच चालते. मात्र हिच्यात एक चूक अशी आहे की झाल्यावर कोणाला दिसत नाही. माती भिंतीला बाहेर ढकलते तेव्हा भिंत वाकते, आणि वाकताना तिची मातीकडची बाजू ताणली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण घ्यायला लोखंड असतं. म्हणून मुख्य सळया मातीच्या बाजूला हव्यात. कंपाउंड बांधायची सवय असलेला माणूस एक जाळी मधोमध उभी करतो, किंवा ‘बाहेरून भक्कम हवी’ म्हणून सळया बाहेरच्या बाजूला घेतो. लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिलही तेवढंच, आणि भिंत जवळजवळ बिनलोखंडाची. शटरिंग लावण्याआधी अर्धा तास साइटवर उभं राहून सळया कुठल्या बाजूला आहेत एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. पायातून भिंतीत वळून वर येणारी सळई अखंड आहे ना, हेही तेव्हाच पाहायचं.

मग मागची बाजू. भिंतीला लागून फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा, वीस-चाळीस मिलिमीटरची स्वच्छ खडी, खालपासून जवळजवळ वरपर्यंत. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरून सगळं चोंदतं. तळाला भोकं पाडलेला पाइप, उतार देऊन, कुठेतरी उघडा होणारा. भिंतीत तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, साधारण दीड-दीड मीटरवर. खालची ओळ बाहेरच्या जमिनीपासून वीतभर वर. यांना वीप होल म्हणतात. वरच्या अंगाला मात्र उलटं करायचं : वीतभर घट्ट मातीचा थर किंवा फरशी, म्हणजे परसावर पडलेलं पाणी भिंतीमागे मुरण्याऐवजी बाजूच्या गटाराकडे जाईल. भराव सहा-सहा, नऊ-नऊ इंचांच्या थरांनी घालून दाबायचा. भिंतीजवळच्या तीन फुटांत जड रोलर आणायचा नाही, तो स्वतःच भिंत ढकलतो. आणि भरावात पाडलेल्या घराचा राडारोडा नको. बंगळूरमध्ये तो फुकट मिळतो, दारात आणून टाकतात, म्हणून मोह फार. विटांचे तुकडे, टाइल्स, प्लायवुडचे कपटे यांच्या पोकळ्यांत पुढची चार वर्षं माती बसत राहते आणि वरची हिरवळ ठिकठिकाणी खचते.

हे सगळं पुस्तकात व्यवस्थित लिहिलेलं असतं. पुस्तकात नसते ती कोरमंगलाची खरी अडचण. मेस्त्रीला एकच प्रश्न विचारावा : ‘नीरु एल्लि होगुत्ते?’ पाणी जातं कुठे?

आपली साइट मागे उतरते. रस्ता आणि रस्त्याचं गटार वर, पुढच्या बाजूला. भिंत मागच्या हद्दीवर. वीप होलमधून पाणी बाहेर येणार ते मागच्या शेजाऱ्याच्या अंगणात, त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी. तळातला पाइप उताराने नेला तरी तोही तिकडेच उघडणार. पाणी काही वर चढून रस्त्याला जाणार नाही. शेजारी चिडतो, वीप होलमध्ये बोळे कोंबतो, आणि आपली भिंत त्या दिवसापासून धरण होते. शिवाय आरसीसी भिंतीला पुढच्या बाजूला थोडा पाय लागतो. तो हद्दीपलीकडे काढता येत नाही. तो न काढता भिंत करायची तर मागचा पाय लांब, जाडी जास्त. हे गणित इंजिनिअरचं आहे, मेस्त्रीने नजरेने करायचं नाही.

कायद्याने यावर फार पूर्वी विचार केलेला आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमात जमिनीच्या नैसर्गिक हक्कांची उदाहरणं दिली आहेत. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी, ठराविक पाटातून न वाहता, नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरत असेल तर खालच्या मालकाने ते उतरू द्यायचं. आणि प्रत्येक जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, पण ती जमीन नैसर्गिक अवस्थेत असेल तोवर; म्हणजे खणलेली नसेल आणि तिच्यावर कृत्रिम भार नसेल तोवर. या दोन वाक्यांत सगळा तंटा आला. उतारावरून पसरून येणारं पाणी खालच्याने सोसायचं, पण ते गोळा करून एका पाइपातून त्याच्या अंगावर सोडलं तर तो नैसर्गिक प्रवाह राहत नाही. भराव टाकून पाच फूट माती चढवली की ती जमीनही नैसर्गिक राहत नाही. आता तिला धरण्याची जबाबदारी चढवणाऱ्याची. उलट खालच्या शेजाऱ्याने त्याचं परस सपाट करायला आपल्या हद्दीलगत खणलं, तर बोट त्याच्याकडे जाईल.

यातून वाटा तीन. भिंत हद्दीवर न घेता अडीच-तीन फूट आत घ्यायची आणि तेवढ्या पट्टीत उघडं गटार ठेवायचं. ते एका कोपऱ्याला नेऊन बाजूच्या रस्त्याला किंवा पावसाळी नाल्याला जोडता येत असेल तर सोन्याहून पिवळं. ते नसेल तर शेजाऱ्याशी बोलून, लेखी करून, त्याच्या कडेने एक पाइप त्याच्या रस्त्यापर्यंत न्यायचा, खर्च आपला. तेही जमत नसेल तर खड्डा करून पंप बसवायचा आणि पाणी वर रस्त्याला फेकायचं. तिसरी वाट मला पसंत नाही. ज्या वादळात पंप लागतो त्याच वादळात वीज जाते.

राजाकालुवेच्या काठावर घर असेल तर आणखी एक गंमत होते, अर्थात दुसऱ्याला. नाला भरून वाहू लागला की पाण्याची पातळी वीप होलच्या वर जाते आणि पाणी उलटं, परसात शिरतं. ते तसं सुसह्य. धोका येतो पूर ओसरताना. नाल्यातलं पाणी तासाभरात उतरतं, पण भिंतीमागच्या मातीतलं पाणी तितक्या चटकन निघत नाही. पलीकडून भिंतीला मिळालेला पाण्याचा टेकू गेला, अलीकडचा रेटा तसाच. नाल्याकाठच्या भिंती भर पुरात उभ्या राहून पूर सरल्यावर पडतात, त्याचं कारण हे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठावरच्या भिंती कोसळल्या, ते अजून कोणी विसरलेलं नाही. काठाला मोकळी जागा सोडण्याचे नियम आहेत. बंगळूरच्या २०१५ च्या बृहत् आराखड्यात मुख्य नाल्याला ५० मीटर, दुय्यमला २५, त्याखालच्याला १५ मीटर अशी ती जागा ठरली होती. राष्ट्रीय हरित लवादाने ती आणखी वाढवली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली. पण कोरमंगलातली कितीतरी घरं या सगळ्याच्या आधीची, थेट काठावरची.

बंगळूरचा दुसरा एक चांगला नियम परसातल्या भिंतीच्या मुळावर येऊ शकतो. २००९ पासून इथे पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे : नवीन घर तीस-चाळीसच्या, म्हणजे १२०० चौरस फुटांच्या साइटवर असलं तरी, आणि जुनं घर २४०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या साइटवर असेल तर. सिमेंटच्या कड्या उतरवून केलेल्या शोषविहिरी त्यातूनच घरोघरी आल्या. त्या खणणारे बहुतेक मण्णु वड्डर समाजाचे, आपल्याकडच्या माती वडारांचे भाऊबंद. दख्खनभर तलाव, विहिरी आणि तटबंद्या ज्यांच्या हातांनी झाल्या ते हे लोक. तीन-चार फूट व्यासाची विहीर ते उभ्या कापात वीस फूट खाली नेतात, आणि कुठली माती धरेल, कुठली नाही हे त्यांना हातात ढेकूळ घेतल्यावर कळतं. अडचण त्यांची नाही. अडचण जागा निवडणाऱ्याची. पुढे गाडी लागते, बाजूला वाट असते, म्हणून शोषविहीर हमखास मागच्या कोपऱ्यात येते. म्हणजे अख्ख्या छपराचं पाणी गोळा करून आपण ते नेमकं भिंतीच्या पाठीशी मुरवतो. विहीर घराच्या पुढच्या, वरच्या अंगाला हवी, आणि तिचा तळ भिंतीच्या पायापेक्षा चांगला खोल.

भिंत पडली की मरतो तो खालचा. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची सीमाभिंत कोसळली. खाली शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या; पंधरा माणसं गेली, लहान मुलांसह. तीनच दिवसांनी, २ जुलैला मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत मालाडला पिंपरीपाडा वस्तीवर जलाशयाच्या आवाराची भिंत आली. डोंगराकडून आलेलं पाणी तिच्यामागे साठलं होतं. तीसहून जास्त मृत्यू. दोन्हीकडे भिंत वरच्यांची, झोपलेली माणसं खालची. परसातली पाच फुटांची भिंत एवढं करणार नाही, पण तिच्यापलीकडे शेजाऱ्याची मोलकरीण कपडे वाळत घालते, हे नकाशावर दिसत नाही.

खरं सांगायचं तर पाच फूट एका दमात घेण्याची गरज क्वचितच असते. अडीच-अडीच फुटांच्या दोन भिंती घ्याव्यात, मध्ये निदान पाच फुटांचा वाफा. प्रत्येकीवरचा रेटा चौथा हिस्सा आणि उलथवणारा जोर आठवा हिस्सा. साध्या दगडाच्या रचाईतही हे होतं. वाफ्यात वाळा लावावा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती शिवून टाकतात. सपाट जागा कमी मिळते हे खरं, पण मागचं पाच फुटांचं कड्यासारखं टोक आणि त्याच्यावरचा कठडाही टळतो. त्याहून कमी खटपटीचा उपाय म्हणजे उतार तसाच ठेवून वर खांबांवर लाकडी किंवा लोखंडी फळी टाकणं. पाणी खालून पूर्वीसारखं वाहत राहतं, बटर फ्रूटच्या बुंध्याशी भराव पडून झाड गुदमरत नाही. मी तरी आधी हा विचार करेन.

जुनी भिंत असेल तर पाहणी मेमध्येच करावी, कारण बंगळूरला वळवाच्या सरी एप्रिल-मेपासूनच सुरू होतात आणि मोठा पाऊस ऑगस्ट ते ऑक्टोबरात असतो. ओळंबा सोडून भिंत किती कलली ते भिंतीवरच पेन्सिलने लिहून ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं. पांढरे क्षारांचे ओघळ दिसले तर पाणी काँक्रीटमधून वाट काढतं आहे. वरच्या फरशीत भिंतीला समांतर, तीन-चार फुटांवर एक लांब फट पडली असेल तर तीच कुलोमची पाचर. आणि चांगला तासभर पाऊस होऊनही वीप होल कोरडी ठणठणीत असतील, तर त्यात समाधान मानू नये. ती चोंदलेली असण्याचीच शक्यता जास्त. लांब सळईने आतपर्यंत साफ करून पाहावीत.

भिंत पावसात कलू लागली तर बहुतेकांचा पहिला हात खालून टेकू लावण्याकडे जातो. हे करू नये. टेकू लावणारा माणूस तिच्या वाटेत उभा असतो. खालच्या शेजाऱ्याला सांगून त्याच्या बाजूची जागा रिकामी करावी, छपराची पन्हाळं दुसरीकडे वळवावीत, आणि भिंतीपासून लांब उभं राहून वरची माती मागून काढायला लागावं, ती घराच्या पुढे नेऊन टाकावी. पाचपैकी दोन फूट उतरवली तरी भिंतीला उलथवणारा जोर पाचव्या हिश्श्यावर येतो.